खेळातील देव्हारा

माझी कन्या वृंदा हिने रचलेल्या रहस्यमय संगणकीय खेळाचे गुण व दोष येथे प्रामाणिकपणे नमूद करीत आहे.

गुण हा की, खेळातल्या बंगल्यातील प्रत्येक वस्तू क्लिक करताच काही सांगते. दोष हा की, किल्ली कोठेच सापडत नाही व चोर सुटतो. मी तसे कळविताच तिने माझ्या शब्दाखातर किल्लीचे कोडेच काढून खेळ स्पर्धेस धाडला.

काल निकाल लागल्यावर तिने विचारले, "बाबा, देव्हारा क्लिक केला होतात ना?"

"बिनआंघोळीचा देवाला हात कसा लावू?"

ती आधी हसली. मग हळूच म्हणाली, "परीक्षकांनी लिहिलंय, खेळ सुंदर, पण कोडंच नाही."

तरी वरील दोष वाचकांनी खेळाच्या नावे धरू नये. तो मी लज्जापूर्वक स्वतःकडे घेतो. वाचल्याबद्दल आपला ऋणी,
रंगनाथ किसन ढमाले