भाड्याचं गाणं

अर्धांगवायूनं बाबांचा उजवा हात गेला आणि व्हायोलिन सुटलं. मग ते रोज फोनवर स्वतः वाजवलेली जुनी गाणी ऐकत. परवा ती अ‍ॅपवरून गायब झाली. तक्रारीवर कंपनीचं उत्तर आलं, "हक्क संपले. तशीच दुसरी गाणी ऐका." बाबा भडकले. "माझंच वाजवणं मला भाड्यानं ऐकवतात, वर वाटेल तेव्हा काढून घेतात?" मग माझ्याकडे वळले. "रेकॉर्ड तू भंगारात घातलीस. सगळं फोनमध्ये आहे म्हणालीस." त्याच दुपारी आम्ही जुन्या रेकॉर्डांची दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानात त्याच गाण्यांची रेकॉर्ड सापडली. कव्हरवर गायिकेचा फोटो होता, संगीतकाराचं नाव होतं. वादकांपैकी कुणाचंच नव्हतं. घरी येताच बाबांनी पेन मागितलं. "सांगा, मी लिहिते." "नको." डाव्या हातानं, कागद फाटेल इतकं दाबून, वाकड्या अक्षरांत त्यांनी कव्हरवर लिहिलं, 'व्हायोलिन मी वाजवलंय.'