सोडायचं झालं तर

सुनेच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं ठेवायला ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. दोन विक्रेते आले. मी दोघांनाही एकच विचारलं, "उद्या तुम्हाला सोडायचं झालं, तर आमची मापं परत मिळतील?"

पहिला हसला. "आमच्याकडे आलेलं कुणी जात नाही, आजी."

दुसरा म्हणाला, "सगळी मिळतील. हलवायला मीच मदत करीन."

"ह्याचंच घे," मी सुनेला म्हटलं.

"अहो आई, अजून घेतलं नाही तोच सोडायच्या गोष्टी!"

माझ्या लग्नाच्या बोलणीत माझ्या आईनंही असंच विचारलं होतं, "हिला परत यावंसं वाटलं, तर?" सगळे हसले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मी स्वतः आणून सोडीन."

त्या एका वाक्यावर मी ह्या घरात जन्म काढला.