वीतभर दोरा

वळसंगला एसटी थांबली तशी पार्वतम्मानं शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पंधरा दिवसांची सुट्टी संपवून केराबाई आज परत शेक घ्यायला येणार होती.

चढली ती केराबाईची पायल. एकटीच. पार्वतम्माच्या हातातली सुई बघून ती सरळ तिच्यापाशी आली.

"पार्वतम्मा मावशी तुमीच न्हवं? आईनं चौकोन दिल्यात. एक तुमाला, एक राजाबाई मावशींना."

"आन् ती कुटं हाय?"

"सप्ताहाला गेलीया. मामाच्या गावाला." पायल घाईनं म्हणाली. "बरं हाय की तिला आता. लई बरं हाय."

"कीर्तन म्हटल्यावर ती कसला शेक घेतीया," पार्वतम्मा हसली. "बस अव्वा, बस."

अक्कलकोटहून पार्वतम्मा, वळसंगहून केराबाई, कुंभारीहून राजाबाई. तिघींच्या गळ्यावर किरणांच्या शेकासाठी डॉक्टरांनी काढलेल्या जांभळ्या खुणा. त्या पुसू द्यायच्या नाहीत म्हणून पदरानं झाकलेल्या. सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत गाडीत वाकळीचे चौकोन शिवायचे आणि सोमवारी एकमेकींत बदलायचे, म्हणजे तिघींच्या वाकळींत तिघींची लुगडी. नियम केराबाईचा. शिवणारीनं गाठ मारायची नाही, वीतभर दोरा सुटा सोडायचा. गाठ घेणारीनं मारायची. आपलं आपण बांधलेलं सुटतं, दुसऱ्यानं बांधलेलं टिकतं, असं बुवांनी कीर्तनात सांगितलंय म्हणे. "बुवांनी कदी सुई धरलीया व्हय?" राजाबाई विचारायची. पण गाठ मारायची.

पार्वतम्मानं पायलनं आणलेल्या पिशवीतून चौकोन काढला. हिरव्या इरकलीचा. सुरुवातीचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे होते, पुढं पुढं वाकडे होत गेलेले. गाठ मारायला तिनं चौकोन उलटा केला.

गाठ मारलेली होती. उरलेला दोरा कापून टाकला होता. दुसरा चौकोनही तसाच.

"ह्या गाठी कुणी मारल्या?"

"मीच. दोरे लोंबत हुते. उसवंल म्हणून."

"आईच्या देखत?"

पायल खिडकीबाहेर बघायला लागली.

"केराबाई घरात आसती, तर तुज्या हातावर चापट बसली आसती, पोरी."

पायलनं ओढणीचं टोक तोंडात धरलं. मग म्हणाली, "परवा दहावं झालं. तिनं शपथ घातली हुती. तुमा दोघींचं शेक पुरं झाल्याबिगर सांगू नको म्हणाली."

पार्वतम्माच्या तोंडून 'शिव शिव' एवढंच आलं. बाकीचं तिनं गिळलं.

मग तिला राजाबाई आठवली. राजाबाईचे सहा शेक राहिले होते. शुक्रवारी उतरताना ती म्हणाली होती, "सोमवारी केराबाई गाडीत दिसली तर मी फुडं येते. न्हाय तर घरी जाऊन पडते. हे भाजून घेणं बास झालं आता."

कुंभारी दहा मिनिटांवर होती.

पार्वतम्मानं राजाबाईचा चौकोन गुडघ्यावर ताणला आणि सुईचं टोक गाठीत घातलं. गाडी खड्ड्यातून गेली, सुई बोटात शिरली. बोट तोंडात घालून तिनं पुन्हा सुरुवात केली.

"रडायचं न्हाय," ती मान वर न करता म्हणाली. "मामाचं गाव कंचं?"

"मुस्ती."

"मग मुस्तीलाच हाय सप्ताह. ध्यानात ठेव. डोळं पूस."

गाठ सुटली. नखाएवढा दोरा हाती लागला. स्वतःच्या चौकोनाची गाठ तिनं तशीच राहू दिली आणि तो आपल्या पिशवीच्या तळाशी ढकलला.

कुंभारीला राजाबाईनं दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथूनच आत पाहिलं.

"केराबाई?"

"मुस्तीला गेलीया, सप्ताहाला," पार्वतम्मा मोठ्यानं म्हणाली. "ही तिची पायल. चौकोन घिऊन आलीया बग."

राजाबाई पायरीवरून हलली नाही.

"मावशी, चढताय का उतरताय?" कंडक्टर ओरडला. "सोलापूरला आजच जायचंय की."

"बरं हाय तिला?" राजाबाईनं पायलला विचारलं.

"लई बरं हाय, मावशी."

राजाबाई वर आली आणि धापा टाकत दोघींच्या शेजारी बसली. "देवाचं म्हटलं की हिला दुखणं न्हाय आन् काय न्हाय. आमीच तेवढं आजारी."

पार्वतम्मानं चौकोन तिच्या हातात दिला. राजाबाईनं तो उलटा केला, बोटानं दोरा चाचपला.

"येवढा आखूड? केराबाई वीतभर ठेवतीया."

"घाई झाली आसंल. सप्ताहाची."

राजाबाईनं पार्वतम्माच्या बोटावरचा रक्ताचा ठिपका पाहिला. मग पायलकडं पाहिलं, बराच वेळ. दोरा नखात धरायला गेली, निसटला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तिनं टोक जिभेला लावलं आणि गाठ मारली.

मग तिनं आपल्या पिशवीतून एक निळा चौकोन काढून पायलपुढं धरला.

"हा तिचा. बदल्याचा." तिचा आवाज शेकानं बसलेला होता. "तिला म्हण, गाठ सवडीनं मार. घाई न्हाय. मी थांबते."

पायलनं चौकोन दोन्ही हातांत घेतला. वीतभर दोरा तिच्या बोटांमधून खाली लोंबत राहिला. या खेपेला तिनं त्याला हात लावला नाही.