मंडळीनं उडवलं

घरी बनवलेल्या विमानांचा इतिहास सांगणारा सोहळा आमच्या छोट्याशा धावपट्टीवर होता आणि माइक माझ्या हातात होता. मधोमध कामरगावच्या माणिकरावांचं जुनं विमान उभं होतं. फटफटीचं इंजिन आणि बांबूचे पंख, तरी एकेकाळी खरंच उडालेलं.

"इमान म्या बनवलं, पन उडवलं आमच्या मंडळीनं," असं माणिकराव जन्मभर सांगत आले. म्हणून आम्ही गावच्या तरुण मंडळातले तेव्हाचे चौघं शोधून आणले. आता म्हातारे झालेले ते चौघं शाली पांघरून स्टेजवर ऐटीत बसले होते. पुढची रांग पाहुण्यांची, म्हणून माणिकरावांच्या तुळसाबाईंना मीच मागं नेऊन बसवलं होतं.

माणिकराव काठी टेकत स्टेजवर आले आणि थबकले.

"हे काहून बसले इथं?"

"आबा, हीच ना तुमची मंडळी? यांनीच तर विमान उडवलं!"

"यायनं? हे तं इंजिनचा आवाज आयकूनच पयाले होते!"

चौघांपैकी एकानं हळूच शाल काढून मांडीवर ठेवली.

"मग... मंडळी म्हणजे कोण, आबा?"

माणिकराव कानापर्यंत लाल झाले. त्यांनी काठी उचलून शेवटच्या रांगेकडे दाखवली.

"आता काय चारचौघांत बायकोचं नाव घ्यायले लावता?"