धारोष्ण पेला

"अवं माय! माझ्या कपिलीले जंतू?" जिजाबाईंनी कपाळावर हात मारला.

गुरांचे डॉक्टर विश्वनाथराव गोठ्याच्या दाराशी हात धूत होते. गायीचं शेण त्यांनी परवाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. "आतड्यात आहेत, बाई. दोन-तीन वर्षं झाली असतील. म्हणून खाते, पण अंगी लागत नाही."

ओसरीवर सुनेची, पंचफुलेची, पेटी बांधून ठेवली होती. तिचा भाऊ शालिकराम माहेराहून, कुहीहून, बैलांचं खाचर जुंपून तिला न्यायला येणार होता. लग्नाला दोन वर्षं झाली आणि पोरगी वाळून काडी झाली. पोटात मुरडा, दिवसातून आठ वेळा परसाकडे, कधी रक्त. वैद्य झाले, डॉक्टर झाले. गंमत अशी, की महिनाभर माहेरी राहिली की हिचे गाल वर येत. परत आली की पुन्हा तेच. आता सासूनं काय समजावं? नाटकं, दुसरं काय! "जाय, अन् येऊ नको," काल जिजाबाई म्हणाल्या. मुलगा आईपुढे तोंड उघडेल तर शपथ. आज सकाळी पेटी बांधून पंचफुला धुणं वाळत घालायला गेली होती.

तशा जिजाबाई वाईट नव्हत्या हो. रोज सकाळी कपिलीची पहिली धार त्या सुनेच्या पेल्यात काढत. ताकद येते म्हणून समोर उभ्या राहून पाजत. बाकी घराला दूध तापवून, तेही चहापुरतं.

डॉक्टरांना गोठ्याच्या कोनाड्यात तो पेला दिसला.

"हा कोणाचा?"

"सुनेचा."

"दूध तापवता?"

"तापवलं तं त्यातली ताकद कुठं राहते?"

विश्वनाथरावांनी पेला हातात घेतला; सुनेचं दुखणं त्यांच्या कानावर होतं. "बाई, माणसाचं आतडंही असंच सुजते. विलायतेतल्या एका डॉक्टरले संशय आला होता, की ढोराचे अन् माणसाचे जंतू एकच असतील. सिद्ध काही झालं नाही. मी ढोरांचा डॉक्टर, मी छातीठोक काय सांगू? पण हे दूध बंद करून पाहा."

जिजाबाईंनी त्यांच्या हातातला पेला घेऊन पालथा घातला. पंचफुला धुण्याची बादली घेऊन दारात उभी होती.

"काहून वं, कुहीले तुमच्या घरी गाय नाही?"

"नाही जी. आम्ही पेज पितो."

जिजाबाईंना सुनेकडे पाहवेना. आपल्याच हातानं पाजलं, आणि वर नाटकी म्हटलं! शरमेनं त्यांचे कान तापले.

बाहेर खाचर थांबलं. शालिकराम नव्या तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आत आला. बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं, शेवटचं का असेना. पेटीकडे पाहून तो बहिणीला म्हणाला, "निघाचं का, बाई?"

जिजाबाई उठल्या. पेटी त्यांनी स्वतः उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"पोतं उतरव गा," बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "अन् पेज कशी करता, ते मले सांगून जाय."