शेजारच्या सीटचा ब्रेक

सायकल काही केल्या डिकीत मावेना. मास्तरांनी आधी पुढचं चाक घालून पाहिलं, मग मागचं. हँडल अडलं ते अडलंच. घामाघूम होऊन त्यांनी सायकल खाली ठेवली आणि दोष डिकीला दिला.

बायको दारात उभी राहून बघत होती. मदतीला पुढे झाली नाही.

"चालवत न्या की," ती म्हणाली. "दुकान कुठे लांब आहे?"

कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मास्तरांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. निम्म्या गावाला मोटार शिकवणाऱ्या या माणसाला सायकल येत नाही, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. लहानपणी एकदा पडले, ते पुन्हा सायकलच्या वाटेला गेले नाहीत.

सायकल बॅटरीवरची होती. गेल्या महिन्यात तिने शिवणाच्या पैशांतून आणलेली. बँक, दवाखाना, दूध, लेकीची शाळा, सगळं हाकेच्या अंतरावर. तरी दर वेळी मास्तर तिला मोटारीतून सोडणार, परत येणार आणि पुन्हा आणायला जाणार. पेट्रोल अर्थातच घरखर्चातून. त्यापायी लेकीची गणिताची शिकवणी बंद करावी लागली होती. सायकल आली आणि शिकवणी पुन्हा सुरू झाली. आता काही झालं तरी बंद व्हायची नाही, असं तिने लेकीला सांगूनही टाकलं होतं.

मास्तरांचं दुखणं वेगळंच होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीखाली घरच्याच बाईची सायकल! लोक म्हणणार, दिव्याखाली अंधार. एका गिऱ्हाइकाने तर हसत विचारलंही, की वहिनींना गाडी जमली नाही वाटतं. त्याच संध्याकाळी मास्तरांनी परस्पर दुकानदाराला गाठलं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. उद्या आणली तर परत घेतो, म्हणाला.

खरं तर तिलाही मोटार मास्तरांनीच शिकवली होती, लग्नाच्या नव्या नवलाईत. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. "तू समोर बघ, ब्रेकचं मी बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी थांबली की ती आपण थांबवली की यांनी, हे तिला एकदाही कळलं नाही. शेवटी तिनेच स्टिअरिंग सोडलं. बायकांना भीतीच फार, असं मास्तर आजही सांगत असतात.

एवढ्यात दाताचे डॉक्टर आले. त्यांचा शिकायचा तास होता. मास्तरांना तोड सापडली. सायकल तिने पुढे चालवायची, डॉक्टरांनी मोटार मागून आणायची. सायकल दुकानात द्यायची आणि तिने मोटारीत बसून घरी यायचं. एका दगडात दोन पक्षी.

"बरं," ती म्हणाली. मास्तरांना वाटलं, सुटलो.

ती पुढे निघाली, ताठ पाठीने. मागे डॉक्टरांनी स्टिअरिंग असं आवळलं होतं, जसे त्यांचे पेशंट खुर्चीचे हात आवळतात. बाजारात मोटार टेंपोमागे अडकायची आणि ती कडेकडेने पुढे निघून जायची. मग चौकात पाय टेकून यांची वाट बघायची. शेजारच्या सीटवरून मास्तर काच खाली करून सूचना देतच होते. कडेने जा, हात दाखव, एवढी घाई कशाला. ती मान हलवायची आणि आपल्याच चालीने जायची.

शेवटच्या सिग्नलला दोघं शेजारी शेजारी आली. पलीकडे दुकान दिसत होतं. दुकानदार पायरीवर येऊन उभा होता.

"ते बघ दुकान," मास्तर म्हणाले. "आता हळू घे. ब्रेकवर लक्ष ठेव."

तिने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"हिचे दोन्ही ब्रेक माझ्याच हातात आहेत, अहो," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या गाडीचं बघा."

सिग्नल सुटला. दुकान आलं. दुकानदाराने हात वर केला. तिने घंटी वाजवली, त्याला हसून मान डोलावली आणि पुढे गेली. शाळा सुटायची वेळ झाली होती.

"अगं, थांब!" मास्तर ओरडले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा पाय होता नव्हता तेवढा जोर लावून खाली गेला.

मोटार आचका देऊन भर रस्त्यात बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ उठला. पुढे तिने व्यवस्थित हात दाखवला आणि शाळेच्या रस्त्याला वळली. मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी घाबरून वाकून आधी स्वतःचे पाय पाहिले. मग शेजारी पाहिलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "ब्रेकवरचा पाय काढता का आता?"