अंगणातला ठिपका

रोज सकाळी केरबाच्या लॅपटॉपवर बुडालेले गाव उजाडायचे. धरण होण्याआधी गावावरून आकाशात गेलेला उजेड आता पकडून परत आणता येत होता. त्याच्या जुन्या घराच्या अंगणात एक ठिपका हळूहळू फिरायचा.

"ती माझी आई," केरबा हात जोडून म्हणायचा.

"आणि शेळी असली तर?" त्याची बायको हौसाबाई हसायची. "रोज शेळीच्या पाया पडताय तुम्ही!"

आईचा एकही फोटो नव्हता. नव्या, बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर माणसाचा चेहरासुद्धा दिसतो, असे लॅपटॉपच्या दुकानातली मुलगी सांगत होती. पण ती आई नसलीच, तर सकाळी कोणाकडे बघायचे? या भीतीने केरबाने त्या मुलीला आधी परत पाठवले होते.

आज ती स्क्रीन घेऊन पुन्हा आली, तेव्हा तो म्हणाला, "बसव, पोरी. हौसा, तू आधी बघ. शेळी निघाली तर जुनीच लावायला सांग. मला काही बोलू नकोस."

तो दारात जाऊन उभा राहिला. तिथून त्याला फक्त हौसाबाई दिसत होती.

स्क्रीनमधले कोवळे ऊन तिच्या तोंडावर आले. ती बघतच राहिली. मग तिने पसरलेले पाय घाईघाईने जवळ घेतले आणि सासूसमोर घ्यायची तसा डोक्यावरून पदर ओढून घेतला.